दाजींचा ट्रेलर

आमचे दाजी ट्रेलर चालवतात. बोळिंजला आमच्याकडे आले की गाडी विरार फाट्याजवळ महामार्गालगत लावून येतात. परवा आम्ही ती बघायला गेलो. कारकुनी करणाऱ्या आम्हाला सगळे ट्रेलर सारखेच!

दाजी सांगू लागले. कंटेनर २० फुटी नाहीतर ४० फुटी; कोपऱ्याचे लॉक न लावता वळलात, तर कलंडलाच. उघड्या ट्रेलरवर पोलादाची कॉइल असते. करकचून ब्रेक लागून साखळी तुटली, तर ती केबिनवरच येते. अर्धा भरलेला टँकर थांबवला तरी आतला माल पुढे ढकलतो. लो-बेडवर ट्रान्सफॉर्मर असेल, तर मुंगीच्या पावलाने जायचे.

"झोपेचं विचार त्यांना," ताई म्हणाली. दाजी गप्प.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास ठरवले. २०२५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या संहितेतही ८ च आहेत. दाजींच्या मालकाच्या वहीतसुद्धा रोज ८ च! बंदराबाहेरच्या रांगेतले तास कुठेच नाहीत. अशी वही कारकुनाला लगेच ओळखू येते.

आम्ही दाजींना कोरी वही दिली. निघाल्याची, थांबल्याची वेळ स्वतः लिहा म्हटले. पहिल्याच पानावर १६ तास निघाले. अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे. सही करायला दाजी अजून कचरतात.