रणातली शांतता आणि बेडखालचा पंप

कॅम्परव्हॅनने कच्छला जाणार असाल, तर गोडं पाणी जपून वापरा, हे तुम्हाला प्रत्येक जण सांगेल. तिथल्या शांततेबद्दल मात्र कुणी बोलत नाही. शहरात आपल्या घरातले अर्धे आवाज रस्त्याच्या गोंगाटात बुडून जातात. रणाच्या काठावर रस्ताच गप्प असतो. मग फ्रीजची गुणगुण, दाराची कडी, बाटलीचं झाकण, सगळं ऐकू येतं. आणि पाण्याचा पंप तर अख्ख्या व्हॅनला उठवतो.

आम्ही बडोद्याचे. जानेवारीत दादा-वहिनी, त्यांची चौदा महिन्यांची लेक, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी आणि मी, असे पाच जण भाड्याची व्हॅन घेऊन निघालो. वाटेवर मांडवी, भुज, धोरडो आणि शेवटी धोलावीरा. व्हॅन घ्यायचं कारण आजीच. तिला गुडघ्यांमुळे हॉटेलचे जिने नकोत आणि अनोळखी बाथरूमही नको.

घरी टाकी गच्चीवर असते, म्हणून नळ सोडला की पाणी आपोआप येतं. व्हॅनमध्ये टाकी खाली असते. आमची शंभर लिटरची टाकी मागच्या बेडखाली होती. तिथून पाणी नळापर्यंत ढकलायला १२ व्होल्टचा छोटा डायफ्रॅम पंप असतो. नळ उघडला की पाइपातला दाब उतरतो आणि पंप सुरू होतो. नळ बंद केला की दाब चढून पंप थांबतो. आमच्या पंपावर सुरू होण्याचा दाब ४० पीएसआय आणि थांबण्याचा ५५ असा छापलेला होता. नळ पूर्ण सोडला तर एकसारखी घरघर. पण पाणी वाचवायला नळ बारीक सोडला, की पंप क्षणात दाब भरून थांबायचा, लगेच पुन्हा सुरू व्हायचा. टर्र, टर्र, टर्र. पाणीही तसंच गचके देत यायचं. म्हणजे जितकी काटकसर, तितका गोंगाट.

मांडवीला रुक्मावती नदीच्या काठावर आजही मोठी लाकडी जहाजं बांधली जातात. उघड्यावर उभा असलेला तो अर्धवट सांगाडा, फासळ्यांसारख्या फळ्या, वर चढलेले सुतार, हे बघायला तरी मांडवीला जावं. आजीने मात्र दुरूनच बघितलं. डोकं दुखतंय म्हणाली, पायात गोळे येत होते.

"आजी, तुम्ही सकाळपासून पाणी किती प्यालात?" वहिनीने विचारलं.

आजीने आधी विषय टाळला. मग निघालं ते असं, की आदल्या रात्री तिने बाथरूममध्ये हात धुतले, पंप घरघरला आणि बाळ दचकून रडत उठलं. बाळाचा बेड नेमका पंपावर. तासभर कुणी झोपलं नाही. तेव्हापासून, रात्री उठायला लागू नये म्हणून, आजी जवळजवळ पाणीच घेत नव्हती. एसटीच्या प्रवासात तिच्या पिढीच्या बायकांनी आयुष्यभर हेच केलं. पण बीपीची गोळी चालू असताना कच्छच्या दुपारच्या उन्हात हे चालण्यासारखं नव्हतं. मीठ-साखरेचं पाणी पोटात गेल्यावर तिला बरं वाटलं. जहाजं बाजूला राहिली आणि आम्ही सरळ भुज गाठलं.

भुजमध्ये बाथरूमचे प्रेशर पंप विकणाऱ्या एका दुकानातले काका बघायला तयार झाले. दादाने आधी व्हॅनच्या मालकाला फोन करून परवानगी घेतली. भाड्याची गाडी असेल तर हे आधी कराच. काकांनी पंपाचे चार स्क्रू काढले, पंप हातात धरला आणि मला नळ सोडायला सांगितलं. आवाज निम्म्याहून कमी.

"बेन, पंप तो साजो छे, पाटियुं बोले छे," ते म्हणाले. म्हणजे पंप धडधाकट आहे, बोलतेय ती फळी.

बेडची खोकी पातळ प्लायवुडची आणि आतून पोकळ. पंप तिच्यावर घट्ट आवळलेला. ढोलकीवर थाप मारावी तसं चाललं होतं. पंपाला रबरी पाय होते, पण स्क्रू इतके पिळलेले की रबर चेपून दगड झालं होतं. काकांनी खाली जाड रबरी शीट घातली आणि स्क्रू फक्त धरतील एवढेच बसवले. पंपाच्या दोन्ही बाजूंचे कडक पाइपही कंपनं थेट भिंतीपर्यंत नेत होते. तिथे हातभर लांबीच्या जाळीदार लवचिक नळ्या, सैल वळण देऊन जोडल्या. पाइप जिथे फळीला घासत होता तिथे एसीच्या पाइपावर असतं तसं फोमचं आवरण चढवलं. पंपाच्या गाळणीत टाकीला भोकं पाडतानाचा प्लॅस्टिकचा भुसा अडकला होता. तो निघाल्यावर पंपाची धापही कमी झाली. नळाच्या जाळीवर पांढरा क्षार बसला होता, ती वहिनीने लिंबाच्या रसात बुडवून साफ केली. दादाच्या डोक्यात पंपाभोवती थर्माकोलचा डबा करायचा विचार होता. काकांनी नको म्हटलं, आणि ते बरोबरच. पंप तापतो, त्याला हवा लागते, आणि गळती झाली तर ती दिसली पाहिजे.

एवढ्याने आवाज गेला, गचके राहिलेच. त्यावरचा उपाय म्हणजे दोन लिटरची, नारळाहून थोडी मोठी प्रेशर टाकी. तिच्यात रबराचा पडदा असतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दाबलेली हवा. पंपाचे धक्के ही हवा पचवते आणि नळाला एकसारखी धार येते. हिला टायरसारखाच व्हॉल्व असतो. पंप बंद करून, नळ सोडून पाइपातला दाब शून्यावर आणायचा आणि मगच हवा भरायची, पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याच्या किंचित खाली. आमची ३८ वर ठेवली. सायकलचा पंप आणि टायरचा गेज यावर काम झालं. हवेचं हे माप चुकलं तर टाकी असून नसल्यासारखी.

आजीच्या दृष्टीने खरी गंमत पुढे होती. त्या टाकीत दाबाखाली साधारण दोन फुलपात्रं पाणी साठून राहतं. तेवढं पाणी पंप सुरू न होताच येतं. रात्री झोपताना आम्ही पंपाचा खटकाच बंद करायचो. हात धुण्यापुरतं पाणी नळाला, बाकीसाठी बाथरूममध्ये भरून ठेवलेली बादली.

धोरडोला, २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन गावांच्या यादीत घेतलेल्या गावाजवळ, आमचा मुक्काम होता. परवाना काढून संध्याकाळी पांढऱ्या रणात गेलो. मीठ पायाखाली करकरतं, आणि थांबलं की काहीच नाही. रात्री दोनच्या सुमारास आजी उठली. मला जाग होती, म्हणून कळलं. नळाची बारीक धार ऐकू आली, मग फुलपात्र भरल्याचा आवाज, मग घोट. बाळ हललंही नाही.

खावड्याहून धोलावीराचा रस्ता थेट रणातून जातो, दोन्हीकडे क्षितिजापर्यंत मीठ. आणि त्या पलीकडे, खदिर बेटावर, पाण्यासाठी आटापिटा केलेलं हडप्पाकालीन शहर. मनहर आणि मानसर हे दोन पावसाळी ओढे. त्यांना बांध घालून त्या लोकांनी पाणी शहराभोवतीच्या तलावांत वळवलं. त्यातला एक सुमारे ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद आणि १० मीटर खोल आहे, तळापर्यंत उतरायला पायऱ्या. २०२१ साली हे ठिकाण जागतिक वारशात आलं. आजी पायऱ्या उतरली नाही, काठावर बसून बाटलीतलं पाणी प्यायली आणि म्हणाली, "एवढा खड्डा खणला, बायकांना विचारून खणला असेल."

परतताना दादाने प्रत्येक जोड बोट फिरवून बघितला. खराब रस्त्याने एक क्लॅम्प सैल झाला होता, तो आवळला. नळ बंद असताना पंप मध्येच एकदा टर्र करत असेल तर कुठेतरी गळतंय असं समजावं, हे काकांनी सांगून ठेवलं होतं. मजुरीसकट खर्च अडीच हजारांच्या आत आला. मालकाने टाकी ठेवून घेतली आणि तेवढे पैसे भाड्यातून वळते केले.