बाल्टिमोरच्या शाळांतील शिस्त

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील बाल्टिमोर शहरात विमानाने उतरणाऱ्या प्रवाशाचे स्वागत एका काळ्या माणसाच्या नावाने होते. २००५ सालापासून तेथील विमानतळाला थरगुड मार्शल यांचे नाव आहे. गुलामांच्या वंशात, १९०८ साली, याच शहरात मार्शल जन्मले. गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगवेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविणारा १९५४ चा खटला त्यांनी लढविला आणि जिंकला. १९६७ साली ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायमूर्ती झाले.

बंदराकडचा भाग आज काचेच्या इमारतींनी झगमगतो. पण शहराचा खरा चेहरा आत आहे. एकमेकांना खेटून उभी असलेली विटांची चाळवजा घरे आणि प्रत्येक दारापुढे पांढऱ्या संगमरवराच्या तीन-चार पायऱ्या. पूर्वी या पायऱ्या घासून लख्ख ठेवणे हा तिथल्या कष्टकरी बायांचा अभिमान होता. पश्चिमेकडे अप्टन ही काळ्यांची जुनी वस्ती आहे. तिथल्या डिव्हिजन स्ट्रीटवर १०३ नंबरची प्राथमिक शाळा होती. ती फक्त काळ्या मुलांसाठी. मार्शल तिथेच शिकले. त्यांची आईही प्राथमिक शिक्षिका होती.

मार्शल लहानपणी खोडकर होते. वर्गात मस्ती केली की शिक्षा म्हणून हातात राज्यघटना देऊन तळघरात पाठवीत, एक भाग पाठ झाल्याशिवाय वर येऊ देत नसत, असे ते स्वतः सांगत. शाळा सोडेपर्यंत त्यांना सारी घटना तोंडपाठ झाली होती. राज्यघटना म्हटले की आपल्या वाचकांचे कान टवकारणारच! पण वाचकहो, थोडा विचार करा. शिक्षेतून घटना हाती लागली ती एका मुलाच्या. बाकीच्या हजारो खोडकर मुलांच्या हाती काय लागले? छडी, अपमान, नाही तर शाळेबाहेरचा रस्ता.

त्या हजारोंसाठी काय करायचे, याचे एक उत्तर याच परिसरात उभे राहिले. बाल्टिमोर ज्या मेरीलँड राज्यात आहे त्या राज्याचे शिक्षण खाते, शहरातील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि शहराच्या उत्तरेला असलेली शेपर्ड प्रॅट ही मानसोपचार संस्था यांनी १९९९ साली एकत्र येऊन शाळांत एक कार्यक्रम सुरू केला. मूळ कल्पना ओरेगन विद्यापीठातील रॉबर्ट हॉर्नर आणि जॉर्ज शुगाई या प्राध्यापकांची. तिला सकारात्मक वर्तन सहाय्य म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. पाढे न आलेल्या मुलाला आपण पाढे शिकवतो. मग नीट वागता न आलेल्या मुलाला वागणे का शिकवू नये?

अशा शाळेत नियम तीन ते पाचच असतात आणि तेही काय करावे हे सांगणारे. ‘पळू नका’ असे नाही, तर ‘चालत जा’. तेच नियम वर्गात, व्हरांड्यात, जेवणाच्या खोलीत, शाळेच्या बसमध्ये कसे पाळायचे ते वर्षाच्या सुरुवातीला मुलांना त्या त्या जागी नेऊन करून दाखवतात. चांगले वागलेल्या मुलाला त्याने नेमके काय चांगले केले ते सांगून एक चिठ्ठी देतात. चिठ्ठ्या साठल्या की पेन्सिल मिळते किंवा खेळायला जादा वेळ मिळतो. बहुतेक मुलांना एवढे पुरते. ज्यांना पुरत नाही त्यांतले एखादे मूल रोज सकाळी एका ठरलेल्या शिक्षकाला भेटते, कार्ड घेते, प्रत्येक तासाला त्यावर गुण मिळवते आणि संध्याकाळी ते कार्ड घरी दाखवते. थोड्या मुलांसाठी आईबापांना बरोबर घेऊन वेगळी योजना आखावी लागते.

याचा उपयोग झाला का? मेरीलँडमधील ३७ प्राथमिक शाळा घेऊन तो तपासला गेला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून २१ शाळांत कार्यक्रम सुरू केला आणि १६ शाळा होत्या तशाच ठेवल्या. १२,३४४ मुलांची माहिती पाहून २०१२ साली निष्कर्ष आला, की कार्यक्रमाच्या शाळांत मुलाला तक्रारीसह हेडमास्तरांकडे धाडले जाण्याची शक्यता ३३ टक्क्यांनी कमी होती.

सुरू करणे मात्र सोपे, टिकवणे कठीण. भिंतीवर फलक लावला की उत्साहाचे पहिले वर्ष निघून जाते. मग हेडमास्तर बदलतात, नवे शिक्षक येतात आणि जुनी सवय परत येते. म्हणून या शाळांत शिक्षकांची एक तुकडी असते. ती नियमित बसून नोंदी पाहते. भांडणे कुठे होतात, किती वाजता होतात? जेवणाच्या रांगेतच होत असतील, तर मुलांना झोडपण्याऐवजी रांगच बदलतात. दरवर्षी शिक्षकांची उजळणी होते आणि बाहेरचा अनुभवी मार्गदर्शक येऊन पाहतो. कार्यक्रम मुलांसाठी असला तरी आधी मोठ्यांना आपले वागणे बदलावे लागते.

या नोंदींनी एक कटू सत्यही उघडे पडते. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१४ साली देशभरचे आकडे प्रसिद्ध केले. बालवाडीत काळी मुले १८ टक्के, पण एकाहून अधिक वेळा घरी बसवलेल्या मुलांत ती ४८ टक्के! चार वर्षांच्या लेकरांची ही कथा. शिक्षा एकूण कमी झाली म्हणून हा भेदभाव आपोआप जात नाही. कोणाला शिक्षा होते हेही मोजावे लागते. मेरीलँडने २०१७ साली कायदा करून, थोडे अपवाद सोडता, दुसरीपर्यंतच्या मुलांना शाळेतून काढणे बंद केले.

शाळेत कोणाला कुठे बसवतात, कोणाला पाणी मिळत नाही, हे बाबासाहेबांच्या बालपणापासून आपण जाणतो. म्हणून बाल्टिमोरची ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांना मारणे आणि त्यांचा मानसिक छळ करणे या दोहोंना बंदी आहे. तरी कुठे कोंबडा करतात, कुठे बाकावर उभे करतात आणि आपणच म्हणतो, ‘मारा गुरुजी, सुधारेल.’ याच कायद्याने सरकारी व जिल्हा परिषदेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आली. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. ती जागा आपली आहे, आयाबहिणींची आहे. पुढच्या बैठकीला जा आणि तीन प्रश्न विचारा. आमच्या शाळेचे नियम कोणते? ते मुलांना शिकवले कधी? आणि या महिन्यात शिक्षा झाली ती कोणाकोणाला? उत्तरे वहीत लिहून घ्या, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा.