चाहुलीला इंग्रजी शब्द

अनुवाद करताना मी सगळ्यात जास्त अडते ती माणूस चालायला लागला की. इंग्रजी कादंबरीतला माणूस नुसता चालत नाही. तो ट्रज करतो, प्लॉड करतो, स्ट्राइड करतो, शफल करतो, टिपटो करतो. तिथे चालीगणिक क्रियापद. आपल्याकडे क्रियापद बहुतेक वेळा चालणे किंवा जाणे, आणि चाल कशी ते त्याच्या आधी येतं. पोर दुडूदुडू चालतं, म्हातारी तुरुतुरु जाते, उशीर झालेला माणूस झपझप सुटतो, रागावलेली बाई तरातरा निघते. हे शब्द उच्चारताना पावलं वाजतात. 'तरातरा' म्हणताना मला तर निऱ्यांची सळसळही ऐकू येते. त्यामुळे एरवी माझं फार अडत नाही. पण 'ट्रज'ला अजून मनासारखा शब्द मिळालेला नाही. चिखल, ओझं, थकवा आणि तरीही न थांबणं, एवढं सगळं त्या एवढ्याशा शब्दात आहे. 'पाय ओढत' लिहिलं की थकवा उतरतो, नेट उतरत नाही.

अशाच एका अडलेल्या दुपारी शब्दांच्या व्युत्पत्तीचा कोश चाळत बसले आणि त्यातच रमले. 'लर्न' हा किती साधा शब्द! शाळेच्या पहिल्या दिवसापासूनचा. त्याचं मूळ शोधत जुन्या जर्मानिक भाषांपर्यंत गेलं तर तिथे माग निघतो. शिकणं म्हणजे मुळात कुणाच्या तरी मागावर चालत जाणं. त्याच कुळात 'लास्ट' आहे. बूट शिवताना आत घालतात त्या पावलाच्या आकाराच्या साच्याला इंग्रजीत लास्ट म्हणतात. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ होता पावलाचा ठसा. आणि 'टिकणे' या अर्थाचं 'लास्ट' हे क्रियापदही तिथूनच निघालं. मागावरून ढळायचं नाही, चालत राहायचं, ते टिकणं. 'इन्व्हेस्टिगेट'मध्ये लॅटिन वेस्टिजियम बसला आहे, म्हणजे पुन्हा पाऊलखूणच. तपास करणारा अधिकारी शब्दाच्या पोटात अजून वाकून जमीन बघतो आहे.

'पेडिग्री' मला सगळ्यात आवडला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ क्रौंच पक्ष्याचा पाय. वंशावळ मांडताना बापाच्या नावाखालून मुलांच्या नावांकडे रेघा ओढायचे, त्या तीन फाट्यांची खूण ओल्या मातीत उमटलेल्या पक्ष्याच्या पायासारखी दिसायची. मी वहीच्या कोपऱ्यात तशा तीन रेघा ओढून पाहिल्या. खरंच, एखादा पक्षी नुकताच पानावरून चालून गेल्यासारखं वाटलं.

'सॉन्टर' म्हणजे रमतगमत चालणं. 1862 साली छापलेल्या आपल्या चालण्यावरच्या निबंधात अमेरिकन लेखक थोरोने त्याचा संबंध पवित्र भूमीकडे निघालेल्या यात्रेकरूंशी जोडला. भाषेचे अभ्यासक ते मानत नाहीत. तरी ज्याला आयुष्यभर चालण्याचं वेड होतं त्याने या शब्दाला तीर्थाला न्यावं, यात मला काही वावगं वाटत नाही.

आपल्या घरातही हे धन आहे. माग, मागोवा, मागे, मागचं वर्ष. 'मागे'चं मूळ मार्ग या शब्दात सांगतात, म्हणजे जे मागे पडलं ते वाटेवर पडलेलं असतं. खुद्द 'मार्ग' मृग् या धातूकडे जातो, शोधणं, शिकारीचा पाठलाग करणं. संस्कृतात पद म्हणजे पाऊल आणि पद म्हणजे शब्दही. कवितेच्या ओळीला आपण चरण म्हणतो, इंग्रज तिच्या मापाला फूट म्हणतात. चालल्याशिवाय कविता दोघांचीही होत नाही.

पण वाटेपाशी आले की दोन भाषांची बोटं वेगळी पडतात. रुळलेली वाट इंग्रजीत 'बीटन' असते, पावलांनी झोडपलेली. आपली वाट मळते. कणीक मळतात तशी, हलक्या वजनाने, पुन्हा पुन्हा. इंग्लंडात त्या झोडपण्याला कायद्याची किंमत आहे. एखाद्या पायवाटेवरून लोक वीस वर्षं खंड न पडता, परवानगी न मागता, उघडपणे जात राहिले, तर मालकाने ती सार्वजनिक करायची नव्हती असं दाखवून दिल्याशिवाय त्यांचा हक्क ग्राह्य धरला जातो. चाललं म्हणून हक्क! पण वाट सोडून माळावर चालायचा हक्क असा चालून मिळत नव्हता. मोठमोठी माळरानं खाजगी होती, तिथे पाऊल टाकणं म्हणजे 'ट्रेसपास', आणि या शब्दातल्या 'पास'मध्येही लॅटिनमधलं पाऊलच आहे. 24 एप्रिल 1932 रोजी शेकडो कामगार तरुण-तरुणी ठरवून किंडर स्काउटच्या पठारावर चढले. राखणदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. पावलांसाठी तुरुंगात गेलेल्या त्या पोरांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पावलं किती टिकतात? 2013 साली नॉरफोकच्या किनाऱ्यावर हेझ्बरो गावाशी समुद्राने वाळू ओढून नेली आणि खालच्या घट्ट गाळात माणसांच्या पावलांचे खळगे उघडे पडले. साडेआठ लाख वर्षांहून जुने. मोठ्यांचे आणि मुलांचेही. एका ठशात तर बोटं दिसत होती. संशोधकांनी पावसावाऱ्यात, दोन भरत्यांच्या मधल्या वेळात त्यांचे फोटो घेतले, मापं घेतली. पंधरवड्यात लाटांनी सगळं पुसून नेलं.

एवढ्या सगळ्या शब्दांत मला एक शब्द मात्र इंग्रजीत सापडत नाही. चाहूल. 'फूटफॉल' आहे, पण तो पाऊल पडल्याचा आवाज. हल्ली तर मॉलमध्ये किती गिऱ्हाईक आलं ते मोजायला वापरतात. चाहूल लागायला आवाजही लागतोच असं नाही. इंग्रजीतले बहुतेक शब्द चालणाऱ्याचे आहेत, त्याच्या ढांगेचे, त्याच्या ठशाचे. चाहूल ही घरात बसलेल्याची. जो वाट पाहतो आहे, त्याची.

आमच्या गिरगावातल्या चाळीचा जिना लाकडी होता. वरून तिसरी पायरी सैल होती. बाबा तिच्यावर डावा पाय टाकायचे आणि ती त्यांच्यासाठी एका ठरावीक आवाजात करकरायची. दुसऱ्या कुणासाठी तशी करकरत नसे. साडेसातला तो आवाज आला की आई मला म्हणायची, "जा, दार उघड, बाबा आले." मी कडी काढेपर्यंत ते दाराशी असायचे.

ते गेल्यावर बरेच दिवस, साडेसातच्या सुमाराला, परातीत कणीक मळताना तिचा हात थांबायचा. मान किंचित जिन्याकडे वळायची. मग ती थोडं पाणी शिंपडून पुन्हा मळायला लागायची.