नळीतला जाळ आणि जमिनीखालचे तेल

उत्तर गुजरातेत मेहसाण्याजवळ बालोल आणि संथाल या क्षेत्रांत सुमारे एक किलोमीटर खोलीवर जड, चिकट खनिज तेल आहे. ते आपणहून विहिरीकडे फारसे वाहत नाही, म्हणून ते जागेवरच पेटवायचे. दाबाखालची हवा आत सोडली की तेलाचे हलके घटक उष्णतेने पुढे सरकतात, मागे राहिलेला कोकसारखा गाळ जळतो आणि त्या आगीच्या रेट्याने उरलेले तेल पातळ होऊन पुढे ढकलले जाते. ओएनजीसीने १९९० मध्ये बालोलला चाचणी सुरू केली आणि १९९७ पासून ही पद्धत व्यापारी पातळीवर आणली. अशा आगीची तालीम प्रयोगशाळेत दहननळीत होते. पातळ पोलादी नळीत वाळू, तेल आणि पाणी ठासून भरायचे, वरून पेटवायचे, वरूनच हवा द्यायची. अहवालात सर्वांची नजर आधी जाते ती किती टक्के तेल निघाले या आकड्यावर. या नोंदी वाचताना मी मात्र तो आकडा शेवटी पाहतो.

कारण त्याच्यावर भरवसा ठेवण्यासारखे त्यात काही नसते. उभ्या, अरुंद नळीत आग वरून खाली सरकते आणि वाळूचा एकही कण तिच्यातून सुटत नाही. तेल जवळजवळ सगळे निघणारच. जमिनीखाली हलकी हवा थराच्या वरच्या भागातून पळते, खालचे तेल तिथेच राहते. नळीतून जमिनीपर्यंत पोचतात ते दुसरे आकडे: दर घनमीटर खडकात किती इंधन साचते आणि ते जाळायला किती हवा लागते. एक किलो इंधनाला साधारण अकरा घनमीटर हवा धरली आणि घनमीटर खडकात तीस किलो इंधन साचले, तर तेवढ्या खडकासाठी तीनशेतीस घनमीटर हवा हवी. कॉम्प्रेसर किती मोठा घ्यायचा हे यावरच ठरते.

त्याहून बोलका असतो बाहेर पडणारा वायू. आत गेलेला जो ऑक्सिजन मोकळा बाहेर येत नाही आणि कार्बन डायऑक्साइड व कार्बन मोनॉक्साइड यांतही सापडत नाही, त्याचे पाणी झाले असे धरून इंधनातले हायड्रोजन-कार्बन गुणोत्तर काढतात. ते एक-दोनच्या आसपास असेल तर आग नीट जळते आहे. तीनच्या वर गेले तर इंधनात एकाएकी हायड्रोजन वाढला असे नव्हे. तापमान पडून तेल ओल्या लाकडासारखे धुमसते आहे, ऑक्सिजन तेलातच मुरतो आहे आणि तेल आणखी घट्ट होते आहे.

यावर पहिला आक्षेप असा की नळीला बाहेरून हीटर लावलेले असतात, मग आग खरी कशी? पण पातळ नळीतून उष्णता झपाट्याने निसटते, जाड थरातून तशी निसटत नाही. हीटर तो फरक भरून काढतात. अट एवढीच की भिंतीचे तापमान नळीच्या मध्यातल्या थर्मोकपलने मोजलेल्या तापमानापेक्षा किंचित खाली राहिले पाहिजे, नाहीतर आग हीटरच पुढे ओढतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे: रुमानियातले सुप्लाकु दे बार्काऊ हे तेलक्षेत्र अशाच आगीवर १९६०च्या दशकापासून चालले आहे, ते मुख्यतः क्षेत्रावरच्या अनुभवाने. खरे आहे, पण ते क्षेत्र उथळ आहे, विहिरी जवळजवळ आहेत, एखादी फसली तर पुढची खणता येते. एक किलोमीटर खोलीवर प्रत्येक चूक महागाची असते.

माझी स्वतःची तक्रार वेगळी आहे. नळीत बहुधा धुतलेली वाळू भरतात. खऱ्या खडकातली चिकणमाती मात्र इंधन जास्त साचवते आणि ज्वलनाला चालनाही देते. मग हवेचा हिशेब मुळातच कमी निघतो. हाताशी पैसे थोडे असतील तर तीच वाळू पुन्हा भरून आणखी एक नळी जाळण्याऐवजी मी प्रत्यक्ष तेलाच्या थरातला खडकाचा गाभा आणि त्याच थरातले पाणी मागवीन, मग प्रयोग एकच झाला तरी चालेल.