जित्याची खोड

गेल्या वर्षीच्या गणपतीतली गोष्ट. आमच्या हायस्कुलात संगणकाची एक खोली आहे. तिथले आठही संगणक देणगीतून आलेले, त्यामुळे एकाचे तोंड दुसऱ्यासारखे नाही. त्यांच्यावर लिनक्स ही विनामूल्य मिळणारी प्रणाली चालते. एका पालकांनी शाळेला आपला जुना डिजिटल कॅमेरा भेट दिला होता. त्यातले स्नेहसंमेलनाचे फोटो उतरवून घ्यावेत म्हणून तो संगणकाला जोडला, तर पडद्यावर चुकांच्या ओळींमागून ओळी येऊ लागल्या आणि कॅमेरा मुका झाला. पुन्हा जोडला, पुन्हा तेच. आमचे शिपाईमामा दारातून म्हणाले, "जित्याची खोड हाय सर ती. मेल्याबिगर जायची न्हाई."

सणासाठी बेंगळुरूहून आमचा एक माजी विद्यार्थी गावी आला होता. तो याच क्षेत्रात नोकरी करतो. त्याला बोलावले. तो कॅमेरा उघडेल, काही साफसूफ करील, अशी माझी समजूत. त्याने कॅमेऱ्याला हातही लावला नाही. पडद्यावरच्या ओळी शांतपणे वाचल्या आणि म्हणाला, "सर, याला मोजता येत नाही."

मी एम.ए. मराठीचा माणूस. मला समजेल अशा भाषेत त्याने जे सांगितले, ते वाचकांनाही सांगतो. प्रत्येक संगणकात, आपण चालवतो त्या सगळ्या कार्यक्रमांच्या खाली, एक गाभा असतो. त्याला कर्नेल म्हणतात. लिनक्सचा गाभा १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहायला घेतला. आज जगभरची हजारो माणसे त्यात भर घालतात. हा गाभा म्हणजे वाड्यातला कारभारी. कळफलक असो, छपाईयंत्र असो की कॅमेरा, दारात आलेल्या प्रत्येकाची चौकशी तोच करतो. कॅमेऱ्याला तो विचारतो, "तुझ्या शेवटच्या कप्प्याचा नंबर काय?" कप्प्यांची मोजणी शून्यापासून होते. वर्गात चाळीस मुले असली आणि हजेरी शून्यापासून मांडली, तर शेवटच्या मुलाचा नंबर एकोणचाळीस येईल. आमचा कॅमेरा मात्र "चाळीस" असे सांगत होता. कारभारी बिचारा विश्वासाने चाळीस नंबरचा कप्पा उघडायला जाई. तो कप्पा अस्तित्वातच नसे, आणि कॅमेरा घाबरून गप्प बसे.

विद्यार्थ्याने कळफलकावर एकच ओळ लिहिली. बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक, त्या कॅमेऱ्याचा क्रमांक आणि शेवटी 'सी' हे एक अक्षर. अर्थ असा, की हा जो आकडा सांगेल त्यातून एक वजा करून घ्यावा. कॅमेरा पुन्हा जोडला आणि फोटो दिसू लागले.

"म्हणजे याची चूक तशीच राहिली की रे!" मी म्हणालो.

"राहिली सर. ती बनवतानाच आत बसली आहे. हा कॅमेरा बनायचा बंद होऊन किती वर्षं झाली. आता कंपनीला लिहून काय उपयोग? चूक त्याची, पण सांभाळून आपण घ्यायचं."

यंत्राच्या अशा खोडीला त्यांच्या व्यवसायात 'क्वर्क' म्हणतात. गाभ्यात या खोडींच्या याद्याच आहेत. संगणकाच्या आत बसणाऱ्या चिप आणि कार्डांसाठीची एकच यादी काही हजार ओळींची आहे. मोठ्यांच्याही खोडी त्यातून सुटलेल्या नाहीत. १९९७ साली पेंटियम प्रोसेसरमध्ये असा दोष सापडला, की एक विशिष्ट सूचना दिली तर अख्खा संगणक जागच्या जागी थिजे. तो प्रोसेसर लोकांच्या घरोघरी होता. तेव्हा गाभा लिहिणाऱ्यांनी स्वतःच्या मांडणीत बदल करून तो खड्डा चुकवला.

त्याने मला कॅमेऱ्यांची यादी उघडून दाखवली. मास्तरकीची सवय, मी ती हजेरीपटासारखी वाचू लागलो. प्रत्येक नोंदीत कंपनीचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक आणि तिच्या कोणत्या आवृत्तीपासून कोणत्या आवृत्तीपर्यंत ही खोड आहे ते दोन आकडे. बऱ्याच नोंदींवर ती कोणी कळवली आणि नेमके काय बिघडते, याची टीप. नोंदी क्रमाने ठेवाव्यात, अशी सूचना अगदी वरच लिहिलेली. "या कंपनीचा माल असलाच" असा शेरा मला कुठे दिसला नाही. ज्याची खोड, त्याच्याच नावावर.

आणखी एक खोड त्याने सांगितली, ती मात्र माझ्या जिव्हारी लागली. काही कळफलक जोडल्याबरोबर कारभाऱ्याच्या प्रश्नांना उत्तर देऊ शकत नाहीत. त्यांना सावरायला क्षणभर वेळ लागतो. गाभ्यात त्यांच्यासाठी लिहून ठेवले आहे, की पुढचा प्रश्न विचारण्याआधी दोनशे मिलिसेकंद थांबावे. म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. विद्यार्थी हसून म्हणाला, "सर, आपल्याकडे म्हणतात तसंच. स्वल्प तडीरी."

मी हसलो नाही.

मी नोकरीला नवा होतो तेव्हाची गोष्ट. आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. हजेरीला नाव पुकारले की तो उभा राही, ओठ हलत, पण 'हजर'मधला 'ह' काही केल्या बाहेर पडत नसे. बेचाळीस नावे घ्यायची, पुढे तास घ्यायचा, मला घाई. मी पुढचे नाव पुकारी. दोन-तीनदा तर समोर उभ्या असलेल्या मुलाची मी गैरहजेरी मांडली. वर्षअखेरीस प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला, "उद्धट. विचारले असता उत्तर देत नाही." नववीच्या वर्गशिक्षकांनी तो शेरा वाचला आणि तिथूनच सुरुवात केली. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलगा शाळेत आलाच नाही. मी चौकशीही केली नाही.

त्या कळफलकाची नोंद करणाऱ्याने निदान थांबून पाहिले होते, की हा गप्प का बसतो. बिघडलेला आहे की त्याला वेळ हवा आहे? मी तेवढेही पाहिले नव्हते.

निघण्यापूर्वी विद्यार्थ्याने यादीतली आणखी एक सोय सांगितली. एखाद्या कॅमेऱ्याची उगाच केलेली किंवा आता गरज न उरलेली नोंद गाभ्याच्या लक्षात आली, तर तो पडद्यावर तसे लिहून दाखवतो आणि हे कृपया आम्हाला कळवा, अशी विनंती करतो. मग ती ओळ काढून टाकता येते. आमच्या दप्तरात असे कधी होत नाही. एकदा पडलेला शेरा मुलाच्या मागे दहावीपर्यंत चालत राहतो.

स्टाफरूममध्ये मी हे सारे सांगितले तेव्हा एका सहकाऱ्यांनी रास्त शंका काढली, "मग शिस्तीचं काय? प्रत्येकाची खोड सांभाळत बसलं तर नियम कशाला?" नियम कोणी मोडलेला नाही. शेवटच्या कप्प्याचा नंबर सांगावा, हा नियम सर्वांना आजही तोच आहे. ज्याला तो पाळता येत नाही, त्याच्यापुरती एक ओळ लिहिली, एवढेच.

यंदा जूनमध्ये एक गृहस्थ मुलीच्या प्रवेशासाठी आले. टेबलासमोर उभे राहिले, ओठ हलले, शब्द येईना. मी ओळखले. नाव मी सांगू शकलो असतो. तोंडावर आलेही होते. पण मी पेन खाली ठेवला आणि थांबलो. त्यांनी स्वतःचे नाव पूर्ण सांगितले, मग मुलीचे. खोलीवरच्या घड्याळात अर्धे मिनिटही झाले नसेल.

प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यापुढे यंदापासून मी एक रकाना वाढवला आहे : "हा शेरा अजून लागू आहे काय?" शिक्षकांनी तो दर दिवाळीच्या सुट्टीआधी भरायचा. हा लेख लिहितो आहे तेव्हा सातवीची पुस्तके माझ्या टेबलावर तपासायला आली आहेत. चार शेरे खोडलेले दिसतात.