थंडी आखनची की अंगातली?

गेल्या हिवाळ्यात आमच्या कन्येकडे जर्मनीतील आखन या नगरी राहण्याचा योग आला. बेल्जियम व हॉलंडच्या सीमेलगतचे हे गाव रोमन काळापासून उष्ण झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. गावाच्या मध्यभागी एलिझेनब्रुनेन नावाचा खांबांचा मंडप असून तेथे गंधकाचे ऊन पाणी वाहते. तो उग्र वास नाकात शिरताच आम्हांस तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातील पालीजवळचे उन्हेरे आठवले. सांधे धरले की आमची आई तेथील कुंडात स्नानास जात असे. आईच्या आठवणीबरोबर मनातील एक जुना सलही वर आला. त्याविषयीच आज आपल्या भगिनींशी दोन शब्द बोलावयाचे आहेत.

पन्नाशीच्या सुमारास आई बदलली. भर वैशाखात ती गोधडी मागे. चेहरा सुजल्यासारखा दिसे, आवाज घोगरा झाला, आणि तांदूळ निवडता निवडता तिचा डोळा लागे. शेजारणी म्हणत, "पाळी जाते वेळी बाईचे असेच व्हायचे." घरात मात्र तिला आळशी ठरविण्यात आले, आणि ठरविणाऱ्यांत आम्हीही होतो.

पुढे तेच वय आमच्या वाट्यास आले. पाळीचा नेम सुटला. रात्री घामाने उशी भिजे. केस गळू लागले, पोट साफ होईना, आहार तोच असूनही वजन वाढले, आणि वर्गात विद्यार्थ्यांची नावे ऐनवेळी आठवेनाशी झाली. एका डॉक्टरांनी "आता वय झाले" एवढेच सांगितले व आम्हीही अधिक काही विचारले नाही. आखनमध्ये आम्ही सदा शाल लपेटून बसलेलो पाहून कन्या म्हणाली, "आई, इथे थंडी आहे हे खरे, पण तू इस्राएलमध्ये उन्हाळ्यातही वर्गात शाल घेऊन बसत होतीस." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तिने आम्हांस एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेले. त्यांनी आमच्या सर्व तक्रारी एकेक करून लिहावयास लावल्या. ती यादी पाहताना आम्हांस मुंबईतील अध्यापनाचे शिक्षण आठवले. दोन मुलांचे गणित सारखेच चुकले, तरी चूक एकाच कारणाने झाली असे समजू नये. दोघांचीही रीत तपासावी, असे आम्हांस शिकविले होते. मुलांच्या वह्यांना जो न्याय आम्ही तीस वर्षे दिला, तो स्वतःच्या शरीरास दिला नव्हता.

संप्रेरके, म्हणजेच हार्मोन्स, हे रक्तातून फिरणारे शरीराचे निरोप होत. 'हार्मोन' हा शब्द स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०५ साली रूढ केला. पाळी जाण्याच्या काळात अंडाशयाचे निरोप अनियमित होतात. त्यामुळे अंगाची आग होते, रात्री घाम सुटतो, झोप मोडते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी मंदावली तर थंडी वाजते, त्वचा कोरडी पडते, बद्धकोष्ठ होते, केस गळतात. परंतु थकवा, उदासपणा, विसराळूपणा, वजन वाढणे व पाळीची अनियमितता ही दोहोंत सारखीच असतात. फसगत होते ती येथेच.

रक्ततपासणीत आमची थायरॉइड मंद असल्याचे आढळले. झोपाळू विद्यार्थ्यावर शिक्षकाने आवाज चढवावा, तशी मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी तिला अधिकाधिक निरोप पाठवीत होती. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली. काही आठवड्यांनी शाल सुटली, बद्धकोष्ठ गेले. रात्रीचा घाम मात्र राहिला. तेव्हा कोणती तक्रार कशाची, हे आमचे आम्हांस उमगले.

त्या मुक्कामात एका शब्बाथला आम्ही आखनच्या प्रार्थनामंदिरात गेलो. जुने मंदिर नोव्हेंबर १९३८ मध्ये जाळण्यात आले. त्याच जागी नवे १९९५ साली उभे राहिले. तेथे बसल्या बसल्या बर्लिनच्या दोन यहुदी डॉक्टरांचे स्मरण झाले. सेल्मार अश्हाइम व बर्नहार्ड झोंडेक यांनी १९२८ च्या सुमारास लघवीतील संप्रेरकावरून गर्भ ओळखण्याची परीक्षा शोधून काढली. नाझी सत्तेवर येताच झोंडेक यांना पद सोडावे लागले. १९३४ साली ते येरुशलेमला आले, हदास्सा रुग्णालयात स्त्रियांची सेवा केली, आणि १९५८ साली इस्राएल पारितोषिकाचे मानकरी ठरले. ज्या विद्येचा आज आम्हांस उपयोग झाला, तिच्या पायाभरणीत या निर्वासितांचाही वाटा आहे.

भगिनींनो, काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पंचेचाळिशीनंतर पाळीचा नेम सुटून अंगाची आग होऊ लागली, तर ती बहुधा ऋतुसमाप्तीची चाहूल असते; त्या काळात अंडाशयाची संप्रेरके वरखाली होत असल्याने एकाच तपासणीवरून निष्कर्ष काढू नये. थायरॉइडची तपासणी मात्र साधी व उपयुक्त आहे. छाती धडधडणे, हात कापणे, खाऊनही रोडावणे ही थायरॉइड अतिवेगाने चालल्याची लक्षणे असू शकतात. तरुण मुलीची पाळी महिनोन्महिने लांबत असेल व हनुवटीवर केस येत असतील, तर तिला रागावू नये, डॉक्टरांकडे न्यावे. आणि पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर एक दिवसही दवडू नये.

मुंबईच्या कामा हॉस्पिटलात स्त्रियांची सेवा करून १९६६ साली पद्मश्री मिळविणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड आपल्याच बेने इस्राएल समाजातल्या. अशा समाजातील स्त्रियांनी हे दुखणे लाजेखातर अंगावर काढावे, हे शोभत नाही.

आईस नेमके काय झाले होते, हे आता कोणी सांगू शकणार नाही. तिचे रक्त कधी तपासले गेले नाही. आम्ही मात्र तिला आळशी म्हटले, एवढे खरे. आपल्या घरात कोणी उन्हाळ्यात शाल मागत असेल, तर तिला नाव ठेवण्यापूर्वी एकदा डॉक्टरांकडे न्यावे, एवढीच विनंती.