पाणी कुठलं, ते विचार

कंधार

चि. अमोल,

तुम्ही मित्रमंडळी स्पेनला, मुर्सियातल्या ला मांगा क्लबवर गोल्फ खेळायला निघालात आणि मामा नाक मुरडणार हे तू आधीच धरून चाललास. जरूर जा. 1972 पासूनचा तो पसारा आहे, तीन मैदानं आहेत, 1973 ते 1977 स्पॅनिश ओपन तिथेच झाली. तेव्हा निवड वाईट नाही. श्रीमंतांचा खेळ म्हणून गोल्फला शिव्या घालण्यात मला रस नाही. पैसा तुमचा, सुट्टी तुमची. पण ‘मैदानाला किती पाणी लागतं हे मोजत बसलं तर कुठेच जाता येणार नाही’ असं तू लिहितोस, तिथे आपलं जुळत नाही. किती, हा प्रश्न नंतरचा. ते पाणी कुठलं आणि कुणाच्या वाट्याचं, हा पहिला.

‘किती’चा हिशेब आधी उरकू. अठरा होलच्या मैदानात चाळीस-पन्नास हेक्टर हिरवळ धर. कडक उन्हाळ्यात तिला रोज पाच मिलिमीटर पाणी दिलं तर वीस ते पंचवीस लाख लिटर होतात. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुरू झाली. पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेला पंचवीस लाख लिटरच आणायची. हे ऐकून कुणीही चपापेल. पण एक हेक्टर ऊस वर्षाला दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी पितो. म्हणजे वर्षाचा ढोबळ हिशेब मांडला तर ते अख्खं मैदान लातूरकडच्या मांजरा नदीकाठच्या वीस-पंचवीस हेक्टर उसाइतकं. आणि ज्या जिल्ह्याला रेल्वेने पाणी पुरवावं लागलं, त्याच जिल्ह्यात साखर कारखाने उभे होते. हिरवळ डोळ्यांत खुपते, ऊस खुपत नाही, एवढाच फरक.

आयपीएलचं उदाहरण तू देशीलच. 13 एप्रिल 2016 ला मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. खेळपट्टीसाठी शुद्ध केलेलं सांडपाणी वापरू, असं क्रिकेटवाल्यांच्या बाजूने सांगून झालं होतं, तरी सामने गेले. दुष्काळात चैन दिसू नये ही भावना मला समजते. पण पाण्याच्या हिशेबात त्या सांडपाण्याचं मोल व्हायला हवं होतं, असं माझं मत. प्यायच्या पाण्यावर उगवलेली हिरवळ आणि गटारातून परत मिळवलेल्या पाण्यावरची हिरवळ एकाच मापाने मोजली, तर सांडपाणी शुद्ध करायचा खर्च कोण कशाला करील?

आता मुर्सिया बघ. वर्षाचा पाऊस साधारण 300 मिलिमीटर; आपल्या नांदेड जिल्ह्यात त्याच्या अडीचपटीहून जास्त पडतो. 1979 पासून ताहो नदीचं पाणी सुमारे तीनशे किलोमीटरवरून तिथल्या सेगुरा खोऱ्यात आणलं जातं आणि देणाऱ्या प्रांताशी त्यावरून भांडण अजून मिटलेलं नाही. (जायकवाडी धरणाच्या पाण्यावरून आपलं नगर-नाशिकशी चालतं, तसंच.) क्लबच्या जवळचं मार मेनोर हे खाऱ्या पाण्याचं सरोवर नासलं, 2019 मध्ये त्यात माशांचा खच पडला, त्याचं मोठं कारण आसपासच्या बागायतीतली खतं. तिथेही दोष फक्त गोल्फवर ढकलून चालणार नाही. मात्र हाच मुर्सिया आपलं बहुतेक सगळं सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरतो, आणि 2007 च्या स्पॅनिश राजाज्ञेने गोल्फच्या मैदानाला कोणत्या दर्जाचं असं पाणी चालेल तेही ठरवून दिलं होतं. पाणी साठवायची अक्कल आपल्याकडे राष्ट्रकूटांपासून आहे, कंधारचा जगत्तुंग समुद्र हा तलाव त्याची साक्ष. वापरलेलं परत मिळवायची मात्र नाही.

यावर कुणी म्हणेल, शुद्ध केलेलं पाणीही फुकटचं नसतं, त्यावर लिंबाच्या बागा जगतात; मग ते खेळाला का? आक्षेप खरा आहे. म्हणूनच ‘कुठलं’ला ‘कुणाच्या वाट्याचं’ जोडलं. शेतकऱ्याचा हक्क आधी पुरा झाला, उरलेल्याला मैदानाने पूर्ण दर मोजला, तर माझी तक्रार नाही. टंचाईच्या वर्षी आधी मैदान वाळलं पाहिजे, बाग नाही.

तेव्हा तिथे मैदानाची निगा राखणाऱ्या माणसाला गाठ. उन्हाळ्यात पाणी शुद्धीकरण केंद्रातून येतं, समुद्राचं गोडं केलेलं येतं की बोअरचं, ते विचार. दर मुद्दाम विचार. नांदेडला गोदावरीत जाणारं सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना विकायचं झालं, तर इथे बोलताना तो आकडा लागेल.

तुझा,
मामा